आवाजाच्या डबीची खिडकी

नागभीड, ता. ११ जानेवारी १९५८

लच्छू भाऊजी,

…सडा टाकून झाला होता, तांदूळ निवडून झाले होते, आणि चुलीवरचं पाणी तापेपर्यंत हात रिकामे होते म्हणून मी सिनेमाची मशीन पुसायला घेतली. तुमच्या दादांच्या तेराव्यानंतरची ती दुसरी किंवा तिसरी सकाळ. शेजारच्या रुखमाबाई दारात येऊन म्हणाल्या, "अवं भागीरथा, आता कोन चालवनार हाय ते? झाकून ठेव." मी म्हटलं, "झाकायचीच तर पुसून झाकू." रॉकेलात बुडवलेली चिंधी घेऊन तिला जे जे लागलेलं होतं ते मी काढलं. बाहेरून काढलं, आतून काढलं, जिथवर बोट जाईल तिथवर काढलं. मग राखेनं हात धुतले, भात टाकला, अंगणात वाळत घातलेली तंबूची कनात उलटवली. एवढीच त्या सकाळची कामं.

ही सकाळ मला अलीकडे वारंवार आठवते. का, ते नंतर लिहीन. आधी इकडची हकीकत.

दादा गेल्याचं कार्ड मी तुम्हाला सिरोंच्याच्या लाकूड डेपोच्या पत्त्यावर टाकलं होतं. ते पोचलं असेल असं धरून चालते. तुम्ही आला नाहीत. त्याबद्दल मी कोणाला काही बोलले नाही, तुम्हालाही बोलत नाही.

आपली फिरती टॉकीज बंद केली नाही. दिवाळीनंतर पहिला मुक्काम इथेच नागभीडला केला. मशीन मीच चालवते. तुम्ही हसाल. चित्रांच्या डब्यांवरची अक्षरं बघून मी वाचायला शिकले तेव्हाही तुम्ही हसला होता. पहिल्या वर्षी मी जाहिरातीचा कागद उलटा धरून वाचत होते आणि तुम्ही म्हणाला होतात, "वयनी, राजा डोक्यावर उभा हाय तुमचा." आता मी तोच कागद छापखान्यात तपासून घेते आणि चुका काढते. दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या जुळवता येतात. रीळ तुटलं तर चिकटवता येतं. इंजिन पोचूभाऊ बघतात.

आवाज चांगला येतो. हे मुद्दाम लिहिते. पहिल्याच खेळाला इतका आला की मागच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "आता कानात बोलून राह्यली." गेल्या वर्षी याच गावात याच लोकांनी "आवाज, आवाज" म्हणून कनात फाडली होती. मशीन तीच आहे. आवाजाचा सेलही तुम्ही नागपूरहून आणलेलाच आहे.

महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत तंबू टाकायचा आहे. तुम्ही याल का? मशीन जितकी दादांची तितकीच तुमची आहे. तुमचं जिच्याशी ठरत आलं होतं त्या मुखरूभाऊंच्या कमळाचं लग्न अजून कुठे जमलेलं नाही, हेही कळवून ठेवते.

तुमची वहिनी,
भागीरथा


ब्रह्मपुरी, ता. २ फेब्रुवारी १९५८

लच्छू भाऊजी,

उत्तर नाही. पोस्टमास्तर म्हणतात सिरोंच्याची डाक आठ दिवस घेते, कधी पंधरा. मी तीन आठवडे धरले होते.

इथल्या शाळेत डोमा मास्तर म्हणून शास्त्र शिकवणारे आहेत. परवा दुपारी मी तंबूत मशीन तपासत असताना आले. "बाई, ऑपरेटर कुठी हाय?" म्हणाले. मी म्हटलं, "तुमच्यापुढं उभी आहे." ते जरा गोंधळले, मग मुद्द्यावर आले. वर्गात दाखवायला त्यांना एक खराब झालेला फोटोसेल हवा होता. जुना कुठे पडला असेल तर द्या, म्हणाले.

जुना माझ्याकडे होताच. तुम्ही नवा बसवला तेव्हा काढलेला. दादांनी तो कापसात गुंडाळून पेटीत ठेवला होता. मी तो मास्तरांच्या हातात दिला आणि विचारलं, "यात होतं काय ते एकदा सांगा. चार वर्षं मी हा डबीत बसलेला बघते. सगळे म्हणतात हात लावू नको, पण कोणी सांगत नाही हा करतो काय."

भाऊजी, तुम्हाला हे ठाऊक असेल, तरी लिहिते, कारण मला ते नीट समजलं आहे की नाही हे लिहून पाहिल्याशिवाय कळत नाही.

काचेच्या नळीत वाकवलेला पत्रा आहे, चांदीचा. त्यावर सीझियम नावाच्या धातूचा अगदी पातळ थर दिलेला असतो. पत्र्यासमोर एक बारीक तार उभी असते. नळीत हवा नाही. पत्र्यावर उजेड पडला की धातूतून विजेचे कण बाहेर निघतात आणि तारेकडे जातात. त्यांना इलेक्ट्रॉन म्हणतात. उजेड जास्त पडला तर जास्त कण, कमी पडला तर कमी. फिल्मच्या कडेला जी काळी-पांढरी नागमोडी पट्टी असते, तिच्यातून आवाजाच्या लहान बल्बाचा उजेड जातो. पट्टी पळते तसा उजेड कमी-जास्त होतो, तसे कण कमी-जास्त होतात, आणि तेच मोठं होऊन भोंग्यातून बाहेर पडतं. म्हणजे पडद्यावरची बाई गाते ते गाणं मशीनच्या आत आधी उजेड असतं.

मी विचारलं, "मग बल्ब मोठा केला की आवाज मोठा?"

"तुमच्या सेलात होय. सगळीकडे नाई," मास्तर म्हणाले. "जस्ताचा पत्रा घ्या. त्याच्यावर लाल उजेड टाका, शंभर बल्ब लावा, एक कण निघनार नाई. अन् जांभळ्याच्याही पलीकडचा, डोळ्याले न दिसनारा उजेड थोडासा टाका. लगेच निघते."

"असं काऊन?"

"कवठ पाडलं काय कधी?"

"पाडलं."

"मूठभर खडे मारले तर कवठ पडते?"

"नाही."

"हजार मुठी मारल्या तर?"

"तरी नाही. दगड पाहिजे."

"एक दगड, एक कवठ. खडे कितीही मारा, एक एक खडा हलकाच. लाल उजेड म्हनजे खडे, तो पलीकडचा म्हनजे दगड. अन् तुमच्या सेलातला धातू कवठ नाई, पिकलेलं बोर हाय. ते खड्यानंही पडते. म्हनून साध्या बल्बावर काम भागते."

हे मला फार आवडलं.  पण ते जाण्याआधी एक गोष्ट झाली. मास्तर म्हणाले, हा खराबच आहे याची खात्री करून देता का? म्हणून मी नवा काढून जुना डबीत बसवला. फिल्म न लावता बल्ब पेटवला, माझी फणी घेतली आणि तिचे दाते उजेडातून सरकवले. भोंग्यातून इतक्या जोरानं खर्रर्र झालं की बाहेर बांधलेला बैल दावं ओढू लागला.

मास्तर म्हणाले, "बाई, हा तं एकदम चांगला हाय. मग तुमी बदलला काऊन?"

मला उत्तर सुचलं नाही. सेल मी त्यांना दिला नाही. पुन्हा कापसात गुंडाळून ठेवला.

भाऊजी, जुना सेल चांगला होता आणि तुम्ही आणलेला नवाही चांगला होता. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. जत्रेला या. बाकीचं समोरासमोर बोलू.

भागीरथा


मार्कंडा, ता. २३ फेब्रुवारी १९५८

लच्छू भाऊजी,

जत्रा उलगली, माणसं पांगली. तंबू उद्या काढू. तुम्ही आला नाहीत, म्हणजे समोरासमोर बोलायचं राहिलं. कागदावर लिहिते.

मागच्या पत्रात मी लिहिलं की मास्तरांना उत्तर देता आलं नाही. ते खरं नाही. उत्तर मला त्याच वेळी आलं होतं. दिवाळीनंतरचा पहिला खेळ चांगला झाला तेव्हाच शंका आली होती. फणीचा आवाज ऐकल्यावर शंका राहिली नाही.

तुम्हाला आठवतं, प्रत्येक नव्या मुक्कामाला तंबू उभा राहिला की मी मशीनची पूजा करायची. नारळ दादा फोडायचे, हळदकुंकू मी लावायची. सुरुवातीला मी मोठ्या भिंगाच्या कडेला बोट टेकवलं तर दादा रागावले. "पडदा लाल करतेस का?" म्हणाले, आणि सदऱ्याच्या टोकानं पुसून टाकलं. मला ते बरं वाटलं नाही. पुसलेलं कुंकू म्हणजे अपशकुन. मग मी अशी जागा शोधली जिथून कोणी पुसणार नाही. आवाजाच्या घराचं लहान दार आहे ना, ते उघडायची. आत सेलची डबी, तिला बल्बाकडे तोंड करून एक गोल खिडकी, चवलीच्या नाण्याएवढी. मला वाटलं, बोलणारी जागा हीच, सरस्वती बसत असेल तर इथेच बसत असेल. माझी बोटं बारीक. तेलात कालवलेलं कुंकू मी त्या खिडकीला लावायची. प्रत्येक मुक्कामाला एक बोट. तीन वर्षं. नागभीड, सिंदेवाही, मूल, आरमोरी, वडसा, पुन्हा नागभीड. एकावर एक थर.

दादांना दिसलं नाही, कारण नागपूरच्या दुकानदारानं त्यांना सांगितलं होतं की सेलला हात लावायचा नाही, आणि दादा सांगितलेलं पाळायचे. तुम्हाला दिसलं नाही, कारण डबी मागून उघडते. तुम्ही मागूनच नवा सेल बसवला. खिडकी पुढे होती. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही.

आवाज हळूहळू बसत गेला. दादा बल्ब वाढवत गेले, बल्ब जळत गेले. मग तुम्ही नागपूरला जाऊन नवा सेल आणला आणि तरीही आवाज आला नाही. कसा येणार होता? दादा काय समजले ते तुम्ही ऐकलंच. तुम्ही नवा मध्येच विकलात आणि जुनापुराणा आणून बसवलात. बाजारात मुखरूभाऊंच्या दुकानापुढे त्यांनी तुम्हाला चोर म्हटलं आणि हात उचलला. तुम्ही उलट हात उचलला नाहीत. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "वयनी, तुमी तरी सांगा." मी पदर सावरला आणि गप्प राहिले. मला खरंच वाटलं होतं तुम्ही ते केलं असेल. हे लिहायला जड जातं पण तसंच होतं.

दादा गेले तेव्हा माझं कुंकू पुसलं. बायकांनी पुसलं, त्यांचं ते काम. मशीनवर कुंकू होतं ते मात्र मी स्वतः पुसलं. विधवेच्या घरी लाल राहू नये एवढाच विचार. आत बोट घातलं तर खिडकीवरून खपली निघाली, नखाएवढी जाड. ती मी चुलीत टाकली आणि भात केला. दिवाळीनंतर पूजा झाली नाही, कारण ती करायला माझा हात आता चालत नाही. आणि मशीन बोलायला लागली.

दोन आठवडे मी स्वतःची एक समजूत घालत होते. मास्तरांनी लाल उजेडाचं सांगितलं होतं, म्हणून मला वाटलं की कुंकू लाल, त्यातून गेलेला उजेड लाल झाला आणि म्हणून कण निघाले नाहीत. म्हणजे दोष रंगाचा, शास्त्राचा, माझा नाही. मी मास्तरांना उत्तराचं कार्ड जोडलेलं जोडकार्ड लिहून विचारलं, कुंकू कोणी लावलं ते न सांगता. त्यांनी उलट टपाली लिहिलं: "तुमच्या सेलाला लाल उजेड चालतो. तेलातल्या कुंकवाचा थर म्हणजे भिंत. भिंतीतून कोणत्याच रंगाचा उजेड जात नाही." एवढंच. मग समजूत संपली.

अजून एक गोष्ट आहे. ती कोणालाच ठाऊक नाही.

भाद्रपदात दादा तापानं पडले. पहिल्या दिवशीच म्हणाले, "लच्छूले तार कर." तुमचा पत्ता तेव्हा माझ्याकडे होता. मी गेले नाही. चोराला कशाला बोलवायचं असं मनात होतं, आणि ताप उतरेल असंही वाटलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, "केली काय?" मी "केली" म्हटलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, "उत्तर आलं?" मी म्हटलं, "पाऊस आहे, तारा पडल्या असतील." त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं. पुन्हा विचारायला ते राहिले नाहीत.

त्यांना तुमच्याशी काय बोलायचं होतं, मला ठाऊक नाही. माफी मागायची होती की पुन्हा भांडायचं होतं, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. सांगू शकले असते तर बरं झालं असतं.

क्षमा करा असं लिहीत नाही. ते तुम्ही ठरवाल. आवाजाची खिडकी माझ्या बोटानं बुजली होती एवढं तुमच्याकडे लेखी असावं म्हणून लिहिलं.

भागीरथा


नागभीड, ता. ३० मार्च १९५८

लच्छू भाऊजी,

तुमचं कार्ड मिळालं. पोस्टमननं ते वाचलेलं दिसलं, कारण देताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. चार ओळी आहेत. त्या मी इथे पुन्हा उतरवते, म्हणजे मी नीट वाचल्या हे तुम्हाला कळेल.

"वयनी, उजेडातून आवाज कसा निघते हे मले तुमच्याआधी माहीत होतं. पत्र तुमी बंद पाकिटात लिहिता. मले चोर भर बाजारात म्हटलं होतं. पाकिटात माझं काम नाई."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला. एवढं सगळं लिहिलं, आणि हा असं म्हणतो. मग भांडी घासली, इंजिनाला तेल पाजलं, आणि दुसऱ्यांदा वाचलं. तुम्ही बरोबर म्हणता.

त्याच आठवड्यात मुखरूभाऊ आमच्या ओट्यावर येऊन बसले. मी पाणी दिलं. त्यांनी पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं आणि म्हणाले, "भागीरथाबाई, तुमाले सांगून टाकतो. मूल गावचा पोरगा पाहून राह्यलो कमळासाठी. आखजीच्या मुहूर्ताले उरकून टाकू म्हनतो."

"कमळा काय म्हणते?"

"ते काय म्हनते. ते म्हनते, तो चोर असन तं असन, आपल्या घरचं तं काई चोरलं नाई त्यानं. असं बोलते. मायवर गेली हाय."

"मुखरूभाऊ, लच्छू चोर नाही."

"मले काय सांगता बाई. त्याच्या सख्ख्या भावानं म्हटलं, माझ्या दुकानापुढं, तेलाची बरणी माझ्या हातात होती. मी परक्याचं ऐकलो असतो तं गोष्ट येगळी."

मी त्यांना कुंकवाचं सांगितलं. खिडकी, खपली, दोन्ही सेल, फणी, सगळं. मग म्हणाले, "हे खरं हाय?"

"खरं आहे."

"मग घरात काऊन सांगता? घरात तं मी मानून घेतो. उद्या लोक म्हनतीन, मुखरूनं पोरगी चोराले देल्ली. त्याहीले कोन सांगन? मी? मी सांगितलं तं म्हनतीन, जावयाची बाजू घेते."

ते गेल्यावर रुखमाबाई शेजारून आल्या. भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं त्यांनी, ते लपवलंही नाही. म्हणाल्या, "तुले येड लागलं काय? मेलेल्या मानसाले काऊन उघडं पाडतस? देवाजी चुकला हे तू सांगशीन? लोक त्याले देवमानूस म्हनते. अन् तू, रांडमुंड बाई, बाजारात उभी राह्यशीन?"

मी म्हटलं, "ते देवमाणूसच होते. त्यांना जेवढं दिसलं त्यावरून ते बोलले. दिसू मी दिलं नाही."

"म्हनजे आपलंच तोंड काळं करशीन."

"काळं नाही रुखमाबाई. लाल होतं."

त्या हसल्या नाहीत. मीही हसले नाही. मग उठताना त्या म्हणाल्या, "पांढरं लुगडं धुतलेलं हाय काय? नाई तं माझं नेस."

त्या दिवशी मी एकच विचार केला. दादा असते आणि त्यांना मी खपली दाखवली असती, तर त्यांनी काय केलं असतं? रागावले असते. जेवले नसते. आणि मग स्वतः जाऊन जिथे बोलले होते तिथेच उभे राहून बोलले असते. सांगितलेलं पाळणारा माणूस चुकीचं सांगितलेलं तसंच राहू देत नाही. हे मला खात्रीनं ठाऊक आहे, आणि त्यांच्याबद्दल खात्रीनं ठाऊक असलेल्या गोष्टी आता माझ्याजवळ थोड्याच आहेत.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. बाजाराच्या दिवशी पोचूभाऊ छकड्यात भोंगा ठेवून खेळाची दवंडी देत फिरतात. मी रुखमाबाईंचं लुगडं नेसून छकड्यात चढले आणि त्यांना म्हटलं, आज मी बोलते. मुखरूभाऊंच्या दुकानापुढे बैल थांबवले. आधी खेळाचं नाव आणि वेळ सांगितली. मग म्हटलं, मी देवाजीची बायको भागीरथा. गेल्या वर्षी इथे माझ्या नवऱ्यानं लच्छूला चोर म्हटलं. लच्छूनं नवा सेल आणला होता आणि तो चांगला होता. मशीनचा आवाज मी बंद केला होता, तेलातलं कुंकू लावून, माझ्या या बोटानं. माझा नवरा चुकला आणि मी गप्प राहिले. लच्छू चोर नाही. लोक उभे राहून ऐकत होते. मुखरूभाऊ दुकानातून बाहेर आले, हात पुसत. मी छकडा पुढे हाकायला सांगितला, आणि गिरणीपाशी, मोटार स्टँडवर आणि रेल्वेच्या फाटकाजवळ थांबून तेच पुन्हा सांगितलं.

भागीरथा